विश्वाला नोंदणीची तारीख आहे का?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली हे आपण ठामपणे सांगतो, कारण नोंदणीचा दाखला ऑफिसात आहे. पण विश्वाचं वय कोणी विचारलं तर दाखला कुठे बघायचा? या प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा करणाऱ्या प्राध्यापकाविषयी, म्हणजे डॉ. जयंत नारळीकरांविषयी, आज थोडं बोलतो.

जन्म कोल्हापूरचा, १९३८ सालचा. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, म्हणून शिक्षण बनारसला. १९५७ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि पुढे फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली संशोधनाला लागले.

तेव्हा दोन पक्ष होते. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, विश्व प्रसरण पावतं आहे, हे दोघांनाही मान्य. एक पक्ष म्हणे, मग मागे मागे गेलं की सगळं एकवटलेलं, अतितप्त असणार, तीच सुरुवात. तिला आपण महास्फोट म्हणतो. हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये दुसरी कल्पना मांडली. समजा, आपल्या इमारती एकमेकींपासून दूर सरकत आहेत, पण मधल्या मोकळ्या जागेत नव्या इमारती उभ्या राहताहेत. फोटो कधीही काढा, कॉलनी तशीच दिसेल. मग पहिली वीट कधी बसली हा प्रश्नच उरत नाही. हा स्थिर स्थिती सिद्धांत. नारळीकर या बाजूचे.

१९६४ मध्ये हॉईल आणि नारळीकरांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. एखाद्या वस्तूचं वस्तुमान हे केवळ तिचं स्वतःचं नसतं, विश्वातल्या बाकी सगळ्या पदार्थांशी ते जोडलेलं असतं, असं त्याचं सूत्र. भारतात केवढं कौतुक झालं! १९६५ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, पद्मभूषण.

आणि त्याच वर्षी पेन्झियस आणि विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांचा शोध जाहीर झाला. आकाशात सगळ्या दिशांनी एक मंद प्रारण येतं, तापमान शून्याखाली सुमारे २७० अंश सेल्सिअस. तप्त सुरुवातीची ही उरलेली ऊब, असा अर्थ लागला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. आज विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं मानतात, ते त्याच मार्गाने काढलेलं.

नारळीकर मात्र अल्पमतात राहिले. पण रुसून बसले नाहीत. नव्या निरीक्षणांना उत्तर द्यायचं म्हणून १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सिद्धांत बदलून पुन्हा मांडला. तोही बहुतेकांना पटला नाही. हे सांगायला संकोच कशाला? पुरावे आज महास्फोटाच्या बाजूने आहेत.

मला मोठं वाटतं ते पुढचं. विश्वशास्त्रावरच्या त्यांच्या पाठ्यपुस्तकात महास्फोटाचा सिद्धांत नीट, सविस्तर शिकवलेला आहे. स्वतःचं मत त्यानंतर, वेगळं. त्यांचे विद्यार्थी थानू पद्मनाभन प्रचलित विश्वशास्त्रातले नामवंत अभ्यासक झाले. १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ उभी राहिली, नारळीकर तिचे संस्थापक संचालक. पण गुरूचं मत तेच शिष्याचं मत, अशी अट तिथे नव्हती. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एखादा ठराव आपल्याविरुद्ध गेला की पुढचे सहा महिने आपण एकमेकांशी लिफ्टमध्ये बोलत नाही! म्हणून हे सांगतो.

दुसऱ्यांच्या दाव्यांनाही त्यांची फूटपट्टी तीच. २००८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली. पत्रिका हुशार मुलाची की बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलाची, एवढंच ओळखायचं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासल्या. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती.

आता बालमित्रांनो, तुमच्यासाठी. मुलं सही मागायला आली की नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव. उत्तराखाली माझी सही मिळेल. म्हणजे सही हवी तर आधी विचार करा! पद्मविभूषण मिळालेला, साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला माणूस शाळकरी मुलांना पत्रोत्तरं लिहीत होता. २० मे २०२५ रोजी ते गेले.

शेवटी कमिटीला एक विनंती. नोटीस बोर्डाशेजारी तक्रारपेटी आहे, ती कधी रिकामी नसते. तिच्याजवळ मुलांसाठी एक प्रश्नपेटी लावावी. आपल्याकडे इंजिनियर आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. महिन्यातून एका रविवारी पेटी उघडू, येतील ती उत्तरं देऊ. ज्याचं उत्तर येत नाही, तो प्रश्न फळ्यावर तसाच ठेवू. पुढच्या महिन्यापर्यंत कोणीतरी शोधून आणेल, कदाचित मुलंच.