बदललेली मोटार : मान्यता आणि विमा



पुणे शहरातील मोटारीची नोंदणी संगम पुलाजवळील प्रादेशिक परिवहन कार्यालयात होते. नोंदणी प्रमाणपत्रात इंजिनाचा क्रमांक, इंधन, रंग व आसनक्षमता नमूद असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. नियमभंग झाल्यास कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

तथापि कायदा सर्वच बदलांच्या आड येत नाही. दिव्यांग चालकासाठी मोटारीत फेरफार करण्यास, तसेच मान्यताप्राप्त सी.एन.जी. संच बसविण्यास मुभा आहे. अशा संचांची चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी ए.आर.ए.आय. ही एक संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते.

संच बसविल्यावर प्रमाणपत्रातील इंधनाची नोंद बदलून घ्यावी आणि विमा कंपनीस कळवून विमापत्रातही ती करून घ्यावी. बहुतेकांची चूक येथेच होते. नोंद नसलेल्या मोटारीला आग लागली, तर मालकाचा नुकसानभरपाईचा दावा अडचणीत येतो. त्रयस्थ पक्षाचा विमा कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. तो रस्त्याने जाणाऱ्या निरपराध माणसासाठी आहे.

जुनी मोटार घेणाऱ्यानेही प्रमाणपत्र, विमापत्र व प्रत्यक्ष वाहन ही तिन्ही ताडून पाहावीत. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी एवढी गोष्ट गावोगावी पोहोचविली, तरी अनेक कुटुंबांचे नुकसान टळेल.