क्रूझ तर ठरली, विमान कुणाकडून?

मागे घरघर ऐकू आली तर समजून घ्या, आमच्या कांजूरला खाली रस्ता खोदलाय. कधी नव्हता खोदलेला, असं विचारू नका.

आजचा विषय तुमच्यातल्याच बऱ्याच जणांनी व्हॉइस नोट पाठवून सुचवलाय. सिंगापूरहून तीन-चार रात्रींची क्रूझ करायची आहे. जहाजाची केबिन ठरली. आता मुंबई-सिंगापूर विमान क्रूझच्या पॅकेजमधूनच घ्यायचं, की मोबाइल उघडून आपलं आपण काढायचं? हाच प्रश्न सध्या आमच्याही घरात आहे. बाबा रिटायर झालेत, आई-बाबा पहिल्यांदाच देशाबाहेर जाणार आहेत आणि दोघंच जाणार आहेत. नागपूरची आत्या त्याच जहाजावर भेटणार. त्यामुळे हा एपिसोड म्हणजे अर्धा आमच्या डायनिंग टेबलवरचा वाद आहे असं समजा.

आधी एक गोष्ट साफ करू. परदेशी व्हिडिओंमध्ये ‘क्रूझ लाइन एअरफेअर’ म्हणतात, म्हणजे जहाज कंपनीच विमान काढून देते. रॉयल कॅरिबियनचं एअर-टू-सी, प्रिन्सेसचं ईझीएअर, ही त्याची नावं. आपल्याकडे ही गोष्ट बहुतेक वेळा टूर कंपनी किंवा एजंटकडून येते. त्यांनी एखाद्या फ्लाइटमधल्या वीस-तीस सीट एकदम उचललेल्या असतात. त्याला ग्रुप फेअर म्हणतात. म्हणून ‘विमानासह’ असं लिहिलेलं दिसलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: पीएनआर ग्रुपचा आहे की आमच्या नावाचा वेगळा? ग्रुपचा असेल तर सीट बरेचदा आपल्याला निवडता येत नाही, परतीची तारीख हलवता येत नाही, आणि एकाने माघार घेतली तर त्याचे पैसे एअरलाइनच्या नाही, एजंटच्या नियमाने परत येतात. किंवा येत नाहीत.

आता पैसे. आम्हाला पॅकेजमध्ये विमानाचे माणशी एकेचाळीस हजार सांगितले. त्याच दिवशी मी ॲपवर बघितलं तर थेट फ्लाइट साडेएकतीसला होती. दोघांचे एकोणीस हजार वाचतात. बाबा लगेच म्हणाले, “एजंटला कशाला द्यायचे? मुंबईहून थेट जातं ना विमान?” जातं. सिंगापूर एअरलाइन्स, एअर इंडिया, इंडिगो, तिघांचीही थेट विमानं आहेत, साडेपाच तासांच्या आसपास.

पण आईने विचारलं, “आणि विमान चुकलं तर मी फोन कुणाला करायचा?”

मला वाटतं सगळा विषय या एका प्रश्नात आहे. पॅकेजमध्ये जे जास्तीचे पैसे जातात ते विमानाचे नसतातच. ते या फोनचे असतात. मग बघायचं एवढंच, की तो फोन खरंच कुणी उचलणार आहे का, आणि उचलून करणार काय.

जहाज थांबत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. एकेकाळी आपल्याच बॅलार्ड पिअरवर उलटं होतं. विलायतेहून बोट आली की धक्क्याला लागूनच असलेल्या बॅलार्ड पिअर मोल स्टेशनवरून तिच्या प्रवाशांसाठी आणि टपालासाठी गाड्या सुटायच्या. बोटीचं आणि गाडीचं गणित एकत्र बांधलेलं होतं. आज तुमचं विमान आणि तुमचं जहाज यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नसते. विमान रद्द झालं तर एअरलाइन तिकिटाचे पैसे देईल किंवा दुसऱ्या विमानात बसवेल. जहाजाच्या केबिनचे पैसे ती देणार नाही. आणि तुम्ही धक्क्यावर आलाच नाहीत, तर जहाजवाल्यांच्या हिशोबी तुम्ही ‘नो शो’.

विमानं खरंच रद्द होतात का? मुंबईकराला हे विचारायची गरज नाही. १ जुलै २०१९ ला पावसात स्पाइसजेटचं विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे गेलं आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. डिसेंबर २०२५ मध्ये पायलटच्या ड्युटी आणि विश्रांतीच्या नव्या नियमांपायी इंडिगोच्या एकाच दिवसात शेकडो फ्लाइट रद्द झाल्या. यातलं काहीच तुम्ही किती शहाणपणाने बुकिंग केलंय यावर अवलंबून नव्हतं.

जहाज कंपनीकडून विमान घेतलं तर साधारण वचन असं असतं, की विमानाला उशीर झाला तर आम्ही तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवू. ऐकायला भारी वाटतं. सात किंवा दहा रात्रींच्या क्रूझला ते भारी आहेही. बार्सिलोनाला जहाज हुकलं, दोन दिवसांनी दुसऱ्या बंदरावर चढलात, तरी पाच रात्री हातात उरतात. पण आपली सिंगापूरची क्रूझ तीन रात्रींची! पुढचं बंदर पेनांग किंवा फुकेत. तिथे पोचेपर्यंत निम्मी ट्रिप संपलेली. माझं स्पष्ट मत आहे, छोट्या क्रूझला या वचनासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात फार अर्थ नाही. त्याऐवजी एक दिवस आधी जा. वाचलेल्या एकोणीस हजारांत सिंगापूरला एक रात्र बऱ्यापैकी खोली मिळते. पहिलं विमान रद्द झालं तरी दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत वेळ हाताशी असतो. शिवाय साठीच्या पुढची माणसं रात्रभर जागून आल्या आल्या बोर्डिंगच्या रांगेत उभी राहत नाहीत, हा फायदा मला पैशापेक्षा मोठा वाटतो.

क्रूझ टर्मिनल मरिना बेला आहे, चांगीहून टॅक्सीने अर्ध्या तासाचं काम. मेट्रोने जायचं तर लाल लाइनवरचं मरिना साउथ पिअर स्टेशन. बॅगा असतील तर टॅक्सीच करा, उगाच हिरोगिरी नको.

मग आत्याचं काय? तिचं गणित वेगळं आहे आणि इथे मी बाबांशी भांडलो. ती नागपूरहून येणार. नागपूर-मुंबई एक तिकीट, मुंबई-सिंगापूर दुसरं, दोन्ही वेगवेगळी काढली तर स्वस्त पडतात. पण वेगळी तिकिटं म्हणजे पहिली फ्लाइट लेट झाली तर दुसऱ्या एअरलाइनला काही देणंघेणं नाही. बॅग मुंबईत काढून परत चेक-इन करायची. आणि डिसेंबर २०२५ पासून आपल्याकडे विमानतळ दोन झालेत! नागपूरची फ्लाइट नवी मुंबईला उतरली आणि सिंगापूरची टी-टूहून असली, तर मध्ये अख्खी खाडी आहे. ॲपवर दोन्हीकडे ‘मुंबई’ दिसतं, म्हणून कोड वाचायचा. बीओएम वेगळं, एनएमआय वेगळं. आत्यासाठी मी पॅकेजच घ्यायला सांगितलं, पण एका अटीवर: नागपूर ते सिंगापूर पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर. “वेगळं असलं तरी काही होत नाही,” असं एजंट म्हणाला. काही होत नसेल तर लेखी द्या म्हटल्यावर दोन दिवसांनी एकाच पीएनआरचं कोटेशन आलं.

टीसीएसबद्दल पटकन सांगतो. परदेशी टूर पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस कापला जातो आणि विमान पॅकेजमध्ये असेल तर त्या रकमेवरही. नुसतं विमानाचं तिकीट वेगळं घेतलं तर ते टूर पॅकेज धरलं जात नाही, हे आयकर खात्याने जून २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. हा पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर अडकतो, आणि ज्याच्या पॅनवर कापला त्याच्याच रिटर्नमध्ये दिसतो. दर बजेटमध्ये बदलत राहिलेत, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा विचारून घ्या.

स्वतः काढणार असाल तर दोन जागी हमखास गडबड होते. पहिली नावाची. आपल्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये जे आणि जसं छापलंय तेच तिकिटावर, तेच क्रूझच्या बुकिंगवर, तेच व्हिसाच्या अर्जावर. आईच्या आधारवर एक स्पेलिंग आहे, पासपोर्टवर दुसरं. समोर पासपोर्ट ठेवूनच टाइप करायचं. दुसरी गडबड मध्यरात्रीची. १२ तारखेला ००:३० चं विमान म्हणजे ११ च्या रात्री घरून निघायचं. १२ ला रात्री जेवून निघालात तर विमान वीस तासांपूर्वी गेलेलं असेल. आणि सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना हे तपासा. जहाज मलेशिया फिरून परत आलं की तुम्ही सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा शिरता.

परतीला जहाज सकाळी लागतं, पण सगळी माणसं एकदम उतरत नाहीत. दुपारी दोन-तीनच्या आधीचं विमान नको. इन्शुरन्स घेताना ‘मिस्ड कनेक्शन’ आणि ‘ट्रिप डिले’ किती तासांनंतर लागू होतं ते वाचा. काही पॉलिसींमध्ये ते इतक्या तासांनंतर असतं की तोवर जहाज निघूनही गेलेलं असतं.

आईच्या फोनचं उत्तर असं ठरलं: आई-बाबांची थेट फ्लाइट, एक दिवस आधी, तिकीट मी एअरलाइनच्या साइटवरूनच काढलं, म्हणजे काही झालं तर मध्ये तिसरा कुणी नाही. एअरलाइनचा नंबर, हॉटेलचा नंबर आणि माझा नंबर असा एक कागद मोठ्या अक्षरांत लिहून आईच्या पर्समध्ये, आणि त्या रात्री माझा फोन सायलेंटवर नसणार. बाबांनी विचारलंय की विमानतळावर रात्री जेव्हीएलआरने किती आधी निघायचं. मेट्रो सहाच्या खांबांमध्ये गाडी किती वेळ अडकेल याचं उत्तर मात्र कुठल्याच ॲपकडे नाही, मी तीन तास धरलेत.

तुमच्या ट्रिपचं कोटेशन असेल तर त्याचा स्क्रीनशॉट पाठवा, पासपोर्ट नंबर झाकून. पुढच्या भागात जहाजावरच्या इंटरनेट पॅकबद्दल बोलू. भेटूच!