ट्रॉली, टर्बाइन आणि कोसंबी

अवकल भूमिती आणि नियंत्रणशास्त्राच्या या परिषदेसाठी अंबाजोगाईत आलेल्या प्राध्यापकांचे, संशोधकांचे आणि विद्यार्थ्यांचे बीड जिल्हा मनापासून स्वागत करतो. दुष्काळ आणि ऊसतोड मजूर एवढीच या जिल्ह्याची बाहेर ओळख. तरी भास्कराचार्यांचे विज्जलवीड म्हणजे हेच बीड, असे मानणारे अभ्यासक आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणकडे शिलालेखाचा पुरावा आहे, तेव्हा यजमानांनी हा वाद उकरून न काढलेलाच बरा! ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार आहे, एवढे मात्र निर्विवाद.

परिषदेचा विषय डोळ्यांनी पाहायचा तर गळीत हंगामात साखर कारखान्याच्या आवारात जावे. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या. पुढे जाताना त्या मुकाट मागे येतात. रिव्हर्स घेताना पहिली जराशी तिरकी झाली की दुसरी भलतीकडेच तोंड करते. चालकाच्या हाती स्टिअरिंग आणि पुढे-मागे जाणे, एवढेच. चाक काही आडवे सरकत नाही. तरीही वळवणे, पुढे जाणे, उलटे वळवणे, मागे येणे असे करत करत गाडी शेवटी आडव्या जागेत बसते. अशा चालींच्या क्रमातून जे जादा सरकणे मिळते, ते नॉर्वेच्या सोफस ली यांच्या नावाचा ‘ली ब्रॅकेट’ मोजतो. स्टिअरिंगला आणि वेगाला साइन लहरींसारखे आदेश देऊन अशी वाहने हव्या त्या जागी कशी न्यावीत, हे रिचर्ड मरे आणि आयआयटी मुंबईत शिकलेले शंकर सास्त्री यांनी १९९३ साली मांडले. कारखान्यावरच्या चालकांना ते अंगवळणी पडलेले असते.

पण या व्यासपीठावर सर्वांत आधी नाव घ्यायला हवे ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. १९०७ साली गोव्यात जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले, पुढे पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये आणि मग टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रमलेले कोसंबी मुळात भूमितीचे माणूस. १९३३ साली ‘मॅथेमॅटिशे त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि त्याला लागूनच फ्रेंच गणिती एली कार्तां यांचे त्यावरचे टिपण छापले गेले. पंचविशीतल्या तरुणासाठी याहून मोठी दाद कोणती? १९३९ साली चिनी गणिती चर्न यांनी तो धागा पुढे नेला. आज हा सिद्धांत कोसंबी-कार्तां-चर्न या तिघांच्या नावाने चालतो.

या सिद्धांताचे सार असे: दुसऱ्या कोटीच्या अवकल समीकरणांची प्रत्येक उकल ही एक वाट समजा. शेजारच्या दोन वाटा पुढे जवळ येतील की फाकत जातील, हे समीकरणे न सोडवताच एका वक्रतेवरून सांगता येते. हवामानाच्या अभ्यासातून निघालेल्या लॉरेन्झच्या प्रसिद्ध समीकरणांनाही अलीकडे संशोधकांनी हीच कसोटी लावली.

याच जिल्ह्यातल्या परळीच्या औष्णिक वीज केंद्रातला टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतो, म्हणून वीज ५० हर्ट्झची मिळते. ग्रिडला झटका बसला की रोटरचा कोन मागेपुढे झुलतो. या झुलण्याचे समीकरणही दुसऱ्या कोटीचेच, म्हणजे कोसंबींच्या चौकटीत बसणारे. २०१३च्या दुष्काळात मात्र हे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. त्यावर कुठल्याही ब्रॅकेटचा इलाज नव्हता. धरणातले पाणी कुणाला, किती आणि केव्हा, हाही नियंत्रणाचाच प्रश्न आहे आणि तो इथल्या माणसांना टर्बाइनपेक्षा जवळचा आहे.

पाहुण्यांना स्वागत समितीची एकच विनंती आहे. परतीच्या गाडीत बसण्याआधी प्रत्येकाने जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात तासभर फळ्यापाशी उभे राहावे, आणि मराठीत बोलावे.