खेळाडूचे वय आणि बाजाराचा भाव

(केम, जि. सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



बेकारी, शेतमालाचे भाव, सहकार हे आपल्या अभ्यासवर्गांचे नेहमीचे विषय. त्यांत खेळाडूंच्या वयाचा प्रश्न कशाला, असे कोणाला वाटल्यास नवल नाही. परंतु ज्याच्यापाशी विकण्यासारखे स्वतःच्या शरीराखेरीज काही नाही, त्यालाच आपण श्रमिक म्हणतो. धंदेवाईक खेळाडू या व्याख्येत पुरता बसतो. फरक एवढाच की, हमालाच्या श्रमाला तीस-पस्तीस वर्षे मागणी असते, खेळाडूच्या श्रमाला जेमतेम दहा-बारा. म्हणून त्याचे वय हाच त्याच्या भावाचा पाया ठरतो.

माझ्या पिढीतील असंख्य लोकांप्रमाणे माझीही जन्मतारीख १ जून आहे. आईला दिवस आठवत नव्हता. शाळा जूनमध्ये सुरू होत असे. गुरुजींनी तारीख लिहून टाकली. महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत ३१ मे रोजी निवृत्तांची रांग लागते ती याचमुळे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला, तरी नोंदणीबाहेर राहिलेली घरे कोणाची, हे मी सांगायला नको.

आता शालेय स्पर्धा पाहा. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे तीन गट असतात. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला असे दोघे उतरतात. तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे उंची, वजन आणि दम यांचा मोठा फरक. थोरला मुलगा अधिक गुणी दिसतो, त्याची निवड होते, त्याला प्रशिक्षक मिळतो आणि पुढे तो खरोखरच अधिक गुणी होतो. कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंत वर्षारंभी जन्मलेल्यांची संख्या फार अधिक असल्याचे रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात दाखवून दिले. आपल्याकडे त्यात कुपोषणाची भर पडते. पोटभर जेवलेल्या मुलाचे शरीर लवकर भरते. निवडणाऱ्याला ते गुण वाटतात.

हा बाजार पूर्ण रूपात पाहायचा तर अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलकडे पाहावे. तेथे क्वार्टरबॅक हा डावाचा सूत्रधार. बहुतेक चाली त्याच्या हातून सुरू होतात. त्याला बळाइतकीच परिपक्वता लागते. म्हणून काही पालक मुलाला मुद्दाम एक इयत्ता मागे ठेवतात, आणि महाविद्यालयेही नव्या खेळाडूला पहिले वर्ष बसवून ठेवून त्याचे खेळण्याचे हक्क पुढे राखतात. मात्र भाव वयाच्या उलट चालतो. क्रिस विंकी याला २००० साली, वयाच्या २८व्या वर्षी, महाविद्यालयीन फुटबॉलचे सर्वोच्च हाइसमन पारितोषिक मिळाले. तरीही २००१ साली व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले तेव्हा शंभराहून अधिक नावे पुकारून झाल्यावर त्याची पाळी आली. गुण सिद्ध झाले होते. परंतु त्या शरीरातून काढायची वर्षे थोडी उरली होती.

येथे एक भेद ध्यानात घ्या. ऐपतदार घर मुलाला एक इयत्ता मागे ठेवते, त्याला नियोजन म्हणतात. गरीब बाप दाखल्यावर एक वर्ष कमी लिहवून घेतो, त्याला फसवणूक म्हणतात. खोट्या दाखल्याचे मी समर्थन करीत नाही, कारण त्याने दुसऱ्या गरीब मुलाचीच जागा जाते. परंतु केवळ मनगटाची क्ष-किरण तपासणी करून हा रोग हटणार नाही. ती तपासणी हाडांची वाढ मोजते. घरची निकड मोजत नाही.

आपल्याकडे २०१४ साली प्रो कबड्डी आली आणि मातीतल्या खेळाला लिलाव लागला. चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई २०१८ साली ३६ लाख ४० हजारांना घेतला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याची बोली १ कोटी ४५ लाखांवर गेली. खेड्यातील पोराच्या कष्टाला मोल आले याचा मला आनंदच आहे. प्रश्न लिलावात न पोहोचलेल्या हजारोंचा आहे. त्यांची घडण आईबापांच्या खर्चाने होते, गुडघा निखळला तर तोटाही त्यांचाच. नफा तेवढा संघमालकाचा. खासगी नफा आणि कौटुंबिक तोटा हे सूत्र आपल्याला उसाच्या फडातही परिचित आहे. त्याच फडावर दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर निघून गेलेली मुले स्पर्धांच्या ऐन दिवसांत मैदानावर नसतात, हेही विसरू नका.

खाशाबा जाधवांचे स्मरण करतो. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, तेव्हा ते २६ वर्षांचे होते. बाविसाव्या वर्षीचा निकाल अखेरचा मानला असता, तर स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या वर्षी मिळाले नसते. परंतु समाजव्यवस्था एखाद्या प्राचार्याच्या घरावर चालू शकत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. निवड कोवळ्या वयात एकदाच न होता अठरा ते एकवीस या वयात पुन्हा व्हावी. लिलावाच्या उत्पन्नातून जखमी खेळाडूंसाठी निधी उभारावा. खेळाडूंना शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ पदकवाल्यांपुरता न राहता तालुक्याच्या मैदानांवर प्रशिक्षकांची पदे निर्माण व्हावीत. आणि कार्यकर्त्यांनी जयंतीचे सामने भरवून न थांबता, गावातील एक मैदान वर्षभर, संध्याकाळी दोन तास, मुलांमुलींसाठी खुले राहील एवढे पाहावे.

उशिरा उमलणाऱ्याला वाट पाहणारे कोणी असावे लागते. बाजार वाट पाहत नाही. ते काम समाजाचे, म्हणजेच आपले आहे.