शस्त्रक्रियेनंतरचे श्रम कोणाच्या खाती?

(पांढरकवडा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेले भाषण)

'श्रमाचे मूल्य' हा विषय आपण मला दिलात, तेव्हा कापसाचा भाव आणि वेचणीची मजुरी यांवर मी बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. त्या विषयाकडे मी येणारच आहे; परंतु माझी वाट आज माझ्या घरातून जाते. गेल्या वर्षी माझ्या पत्नीच्या मोठ्या आतड्याचा रोगग्रस्त भाग काढून टाकावा लागला. सांधलेल्या आतड्याला विश्रांती मिळावी म्हणून शल्यविशारदांनी लहान आतड्याचे तोंड काही महिन्यांसाठी पोटावर आणले आणि त्यावर पिशवी बसविली. हे जाहीरपणे सांगण्यास तिची संमती आहे. किंबहुना, "सांगायचे तर नीट सांगा, लपवाछपवी नको," असे तिनेच मला बजावले आहे.

शस्त्रक्रिया काही तासांत झाली. रुग्णालयातील मुक्काम दहा-बारा दिवसांचा. त्यानंतर आम्हांला घरी सोडले, हाती एक कागद दिला आणि पुढील तपासणीची तारीख सांगितली. आम्ही समजलो, उपचार संपले. वस्तुतः ते तेथून सुरू व्हावयाचे होते आणि ते करणारा माणूस मी होतो.

हे काम काय असते, ते आपणांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करावयाची, दिवसातून पाच-सहा वेळा आणि रात्री उठूनही. तीन-चार दिवसांनी ती संपूर्ण बदलावयाची. भोवतालची कातडी कोमट पाण्याने पुसून कोरडी करावयाची, नाहीतर ती सोलवटते. आतड्याचे तोंड ओठाच्या आतल्या भागासारखे लालसर व ओलसर असले पाहिजे. ते काळे-निळे पडले तर तत्काळ रुग्णालय गाठावयाचे. त्याला स्पर्शाने वेदना होत नाही, हे कळेपर्यंत माझे हात थरथरत असत. खोकला आला की पोटाशी उशी धरावयाची. सहा आठवडे पाण्याची बादली उचलू द्यावयाची नाही, मात्र रोज थोडे चालवावयाचे. ज्वारीची भाकर, कच्ची काकडी, शेंगदाणे बंद. मऊ भात, मुगाचे वरण, ताक, केळे चालू. चाळीस वर्षे आयते ताट पुढे आलेल्या माणसाला मऊ भात शिजवणे हीदेखील एक परीक्षाच होती.

त्या परीक्षेत मी एकदा नापास झालो, तेही सांगतो. वैशाखातला दिवस होता. पिशवी नेहमीपेक्षा अधिक वेळा आणि पाण्यासारखी भरू लागली. पत्नीला घेरी येत होती. लघवीही कमी झाली होती. मी समजलो, उन्हाचा अशक्तपणा असेल, आणि साधे पाणी देत राहिलो. संध्याकाळी तिला उठता येईना. लहान आतड्याची पिशवी असलेल्या रुग्णाच्या शरीरातून पाण्याबरोबर मीठही जाते. ते जलसंजीवनीने भरून काढावे लागते; नुसत्या पाण्याने भागत नाही. सलाइन लावल्यावर ती सावरली. पाच मिनिटांचे हे ज्ञान घरी सोडताना आम्हांला कोणी दिले नव्हते. परंतु मीही ते विचारले नव्हते. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माणसाची ही कथा. निरक्षर मजुराचे काय होत असेल?

पहिले पंधरा दिवस पत्नी मला पिशवीस हात लावू देत नव्हती. "तुम्ही हे करू नका, एखादे बाईमाणूस बोलवा," असे ती म्हणे. तिला माझी लाज वाटत नव्हती. आपल्या नवऱ्याला असले काम करावे लागते याची लाज वाटत होती. पुरुषाचे हात पवित्र आणि मळाचे काम स्त्रीचे अथवा एका जातीचे, हा संस्कार आपल्या समाजवादी घरातही किती खोल रुजला आहे, ते मला त्या दिवशी उमगले. समतेवर व्याख्याने देताना मी स्वतःचे घर त्यातून वगळले होते.

मग कौतुक सुरू झाले. भेटीस येणारा प्रत्येक जण म्हणे, "सर, धन्य आहे तुमची!" आमच्या वस्तीपलीकडे एक शेतमजूर बाई राहतात. त्यांच्या पतीच्याही पोटावर अशीच पिशवी होती. पिशवी कशी कापावी, कडा कशा चिकटवाव्यात, हे मला त्यांनीच शिकविले. एके दिवशी त्या सहज म्हणाल्या, "तुमचं कौतुक होते, सर, माही मजुरी बुडते." त्या हंगामात त्यांना वेचणीस जाता आले नव्हते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. न वेचलेल्या कापसाचे कोणी काही देत नाही. मी तेच काम निवृत्तिवेतनावर बसून केले आणि सत्पुरुष ठरलो. त्यांनी ते उपाशीपोटी केले, आणि ते त्यांचे कर्तव्यच ठरले.

मित्रहो, तीस वर्षे मी वर्गात राष्ट्रीय उत्पन्न शिकविले. पिगू या अर्थशास्त्रज्ञाचे प्रसिद्ध उदाहरण मी दरवर्षी देत असे : गृहस्थाने पगारी मोलकरणीशी विवाह केला की राष्ट्रीय उत्पन्न घटते. विद्यार्थी हसत, मीही हसे. घरच्या खाण्यासाठी पिकविलेली ज्वारी राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते. ती भाजून रुग्णाला भरविणारे श्रम मात्र धरले जात नाहीत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे.

इतिहासही असाच हिशेब ठेवतो. १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींच्या आंत्रपुच्छावर कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. वीज गेल्याने कंदिलाच्या उजेडात ती पुरी झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर जुहूला ते कित्येक आठवडे प्रकृती सावरत होते; तेथे त्यांची शुश्रूषा कोणी केली, हे किती जण सांगू शकतील?

आज महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेतून गरिबाच्या शस्त्रक्रियेचा खर्च भागतो. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु घरी सोडल्यानंतर मोजक्याच दिवसांत योजनेचा हात सुटतो. पुढील महिन्यांचा खर्च घरातल्या स्त्रीच्या मजुरीतून वसूल होतो. खर्च नाहीसा झालेला नाही. तो फक्त सरकारच्या वहीतून तिच्या पाठीवर गेला आहे.

यावर उपाय नाही असे नाही. ब्रिटनमध्ये १९७६ साली घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला. मात्र पतीसोबत राहणाऱ्या विवाहितेला तो नाकारला गेला, कारण ती 'तशीही घरीच असते'! एका स्त्रीने युरोपीय न्यायालयापर्यंत लढा दिला, तेव्हा १९८६ मध्ये तो अन्याय दूर झाला. केरळने २००८ साली धोरण ठरवून स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी परिचारिका पाठविण्यास आरंभ केला.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. घरी सोडण्यापूर्वी शुश्रूषा करणाऱ्याला प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि मराठीत लेखी सूचना मिळाव्यात. पिशव्या उपजिल्हा रुग्णालयात विनामूल्य मिळाव्यात. त्यासाठी नागपूरचे हेलपाटे नकोत. आणि शुश्रूषेपायी मजुरी बुडणाऱ्या असंघटित श्रमिकाला तिची भरपाई मिळावी.

चौथी गोष्ट मात्र सरकारकडे मागता येत नाही. ती आपण पुरुष कार्यकर्त्यांनी घरी जाऊन करावयाची आहे, आणि त्यासाठी पत्नी आजारी पडण्याची वाट पाहू नये.

माझ्या पत्नीची पिशवी आता निघाली आहे. ती पुन्हा भाकर खाते, आणि हल्ली पुष्कळदा ती मी थापलेली असते. "कडा जाड होतात," एवढीच तिची तक्रार आहे. ती दूर करण्याचा माझा प्रयत्न चालू आहे.