उपमा कळली की गाथा कळते

(वर्धापन दिनानिमित्त विहारात दिलेले व्याख्यान)



दहावीची मुलं अलंकार पाठ करतात. उपमेय, उपमान, साधर्म्य धडाधडा सांगतात, मार्कही मिळवतात. संध्याकाळी विहारात येऊन गाथा म्हणतात, त्याही पाठ. ही दोन पाठांतरं एकमेकांना भेटतच नाहीत! वास्तविक 'उपमा' हा शब्द पालीतही याच अर्थाने आहे. मज्झिम निकायात ककचूपम, अलगद्दूपम अशी सुत्तांची नावंच उपमेवरून पडली आहेत.

धम्मपदात 423 गाथा आहेत. आपण पहिल्या दोनच घेऊ. वाईट मनाने बोलणाऱ्या-वागणाऱ्याच्या मागे दुःख कसं येतं? गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागे चाक येतं तसं. आणि चांगल्या मनाने वागणाऱ्यामागे सुख येतं ते सावलीसारखं. मागे येणं दोन्हीकडे आहे. मग एकीकडे चाक आणि दुसरीकडे सावली का? ज्यांनी गावी बैलगाडी हाकली आहे त्या आजोबांना विचारा. चाक काही बैलाचा पाठलाग करीत नाही, बैलच ते ओढतो. जू मानेवर आहे तोवर सुटका नाही. सावलीला मात्र वजनच नसतं. 'दुःख मागे येते' एवढाच सरळ अर्थ सांगितला, तर हे सगळं हातातून जातं.

रूपकात तर 'सारखा', 'प्रमाणे' हे शब्दही गळतात. महापरिनिब्बान सुत्तातला 'अत्तदीप' शब्द घ्या. आपण 'स्वतःचा दिवा' असा अर्थ करतो. तो होतोच. पण संस्कृतातले दीप आणि द्वीप, म्हणजे दिवा आणि बेट, पालीत दोन्ही 'दीप'च होतात, आणि जुन्या अट्ठकथेने इथे बेट हाच अर्थ घेतला आहे. दिव्याने वाट दिसते, बेटावर पुरात पाय टेकता येतात. ज्यांच्या घरात पावसाळ्यात पाणी शिरतं, त्यांना हा दुसरा अर्थ पटकन भिडेल.

एखाद्या पोराने विचारलं, "माणूस दिवा कसा होईल?" तर त्याला गप्प बसवू नका. उद्या कुणी दिव्याचंच कर्मकांड आपल्या गळ्यात मारायला आला, तर हा असले प्रश्न विचारणारा पोरगाच घर वाचवील.

यमकवग्गातच पुढे नीट न शाकारलेल्या घराची आणि पावसाची उपमा आहे. मुलांनी येत्या रविवारी तिचं उपमेय शोधून आणावं. अडलं तर आईला विचारा. जूनच्या आधी पत्र्यावर प्लास्टिक तिनेच अंथरलेलं असतं.

जयभीम, नमो बुद्धाय!