खुरप्याचं पाणी
(शिरवळ येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेल्या बोलण्याचा मजकूर)

ताई-मावश्यांनो,
दोन गटांनी खुरपी-विळे ठोक घेऊन विकण्यासाठी कर्ज मागितलं आहे. सोबतच्या दरपत्रकात ‘केस हार्डनिंग केलेला माल’ असं लिहिलंय आणि भाव त्याच शब्दामुळे चढा आहे. म्हणून आज हिशोबाच्या वहीआधी लोखंडाबद्दल बोलू.

लोहार विळा लाल करून पाण्यात बुडवतो, त्याला आपण ‘पाणी दिलं’ म्हणतो. पण पाणी दिलं म्हणजे प्रत्येक लोखंड कडक होतं असं नाही. ती करामत आतल्या कार्बनची, म्हणजे कोळशाच्या अंशाची. बांधकामाच्या साध्या पट्टीत तो पाव टक्क्याहून कमी असतो, ती कितीही बुडवा, धरण्याजोगी धार यायची नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात अर्ध्या टक्क्याच्या वर असतो. जाणता लोहार खुरप्याला जुना पाटा शोधतो तो उगाच नाही.

मग साध्या लोखंडाचं काय? त्याला वरून कोळसा खाऊ घालतात. लोखंडी डब्यात लाकडी कोळशाची पूड आणि थोडा कोरडा धुण्याचा सोडा भरायचा, त्यात वस्तू पुरायची, झाकण मातीने लिंपायचं आणि डबा साधारण 900 अंशांवर तापवत ठेवायचा. सात-आठ तासांत कार्बन शिरतो तो जेमतेम एक मिलिमीटर. मग पाणी किंवा तेल. वरचं कातडं टणक, आतला गाभा चिवट. हेच केस हार्डनिंग. पूर्वी यासाठी हाडं, शिंगं, चामडं जाळून वापरायचे. कुणाच्या घरी वर्कशॉप असेल तर ही भट्टी उघड्यावरच लावा, डब्यातून विषारी वायू निघतो. डबा जस्ताच्या पत्र्याचा नको, त्याचाही धूर बाधतो.

गिअर, पिना, बोल्ट यांना हे उत्तम. ते घासतात, धक्के खातात, पण त्यांना कोणी दगडावर धार लावत नाही. खुरप्याचं तसं नाही. भांगलणीच्या दिवसांत तुम्ही रोज धार लावता. साध्या पट्टीच्या खुरप्यावरचं ते पातळ कातडं हळूहळू दगडावरच निघून जाणार आणि खाली मऊ लोखंड राहणार. पातळ पात्यात कार्बन दोन्ही बाजूंनी आरपार शिरला तर उलटंच, खडा लागला की तुकडा उडतो. मला विचाराल तर खुरप्यासाठी त्या शब्दाचे जास्त पैसे देऊ नयेत. पाट्याचं खुरपं, पाणी देऊन पुन्हा हलकं तापवून गवती पिवळ्या रंगावर आणलेलं, जास्त टिकतं.

हे काम फक्त पुरुषांचं, असं मात्र म्हणू नका. घिसाड्यांच्या पालावर सांडशी त्याच्या हातात आणि घण तिच्या हातात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

तर सही करण्याआधी नमुन्याचं एक खुरपं मागवा. धारेवर कानस फिरवा. घसरली, जेमतेम घासली, तर कडक. लगेच खाल्लं तर मऊ. मग ते आठवडाभर रानात वापरा, रोज धार लावा आणि पुन्हा कानस फिरवा. दोन्ही वेळचा निकाल ठरावाच्या वहीत लिहून आणा, कर्जाचं पुढच्या बैठकीत बघू.